जादूगारांचं संमेलन आणि चौकटची नव्वी

ती. वन्संना वाकून नमस्कार.

खरोखरच वाकून केला आहे, कारण पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं आणि एका वाकण्यात दोन कामं झाली. तुमची दाढ कशी आहे? मागच्या पत्रात तुम्ही नुसतं "दुखते" एवढंच लिहिलंत. वरची का खालची, गार लागलं की ठणकते का गरम, एका बाजूने चावता का दोन्ही, काही म्हणजे काही कळवलं नाहीत. मी तीस वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलेली बाई. असला अर्धवट मजकूर मिळाला की मला जेवण जात नाही. भाऊजींचा खोकला थांबला का? की अजून "मी खोकत नाही, घसा साफ करतो" हेच चालू आहे? आमच्याकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मी, हे, आणि यांचे पत्त्यांचे चौदा कॅट.

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "त्याला कसलं बक्षीस मिळालं म्हणे?" आणि मी "हो, मिळालं, छान झालं, दूध उतू चाललंय" म्हणून फोन ठेवला. दूध वगैरे काही उतू चाललं नव्हतं. हे माझ्या शेजारीच बसले होते, आणि जे झालं ते यांच्यादेखत सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाका. (फाडण्याआधी ता. क. मात्र वाचा. तुम्हाला ता. क. न वाचायची सवय आहे, ती मला गेल्या दोन पत्रांवरून कळली आहे.)

मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही मधेच "पण हा जादूकडे वळलाच कसा" असं विचाराल, आणि तो प्रश्न मीसुद्धा पाच वर्षं विचारते आहे. तुमच्या भावाने पस्तीस वर्षं वजनमापं तपासली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण, तळ ठोकून वर घेतलेलं माप, आतून पोखरलेलं किलोचं वजन, असलं काय काय पकडून आणायचे आणि घरी आल्यावर हात धुता धुता मला सांगायचे. अशा माणसाला निवृत्तीनंतर हातचलाखी शिकावीशी वाटावी हे मला आधी कळेचना. त्याला कारण आमचे दंतवैद्य. हे दाढ काढायला गेले असताना त्यांनी दाढ काढायच्या आधी यांच्या कानातून एक नाणं काढलं. दाढ कधी निघाली ते यांना कळलंही नाही. घरी आले ते गालात कापूस धरून, आणि पहिलं वाक्य काय, तर "अगं, कानात नाणं कसं मावेल?" त्या रविवारपासून हे हौशी जादूगार मंडळाचे सभासद.

मंडळ म्हणजे अकरा माणसं. दर रविवारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात जमतात. खुर्च्या दहा आहेत, त्यामुळे अकरावा माणूस दात काढायच्या खुर्चीवर आडवा होऊन जादू शिकतो. एक लिफ्ट दुरुस्त करणारे आहेत (त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात, त्यांनी बनवलेल्या पेटीत माणूस शिरला की खरंच गायब होतो, फक्त परत यायला कधीकधी स्क्रूड्रायव्हर लागतो), एक टायपिंग शिकवणारे आहेत, एक फुलझाडं विकणारे. सगळे दिवसभर आपापली कामं करतात आणि संध्याकाळी आरशासमोर उभे राहून स्वतःलाच फसवायला बघतात.

आता यात तुमच्या भावाची अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. खोटं बोलले की यांचे कान लाल होतात. ही गोष्ट तुम्हीच मला लग्नाच्या आधी सांगितली होतीत, आणि माझ्या संसारात तिचा फार उपयोग झाला. पण जादूगाराला असे कान म्हणजे चोराच्या पायात घुंगरू. पाच वर्षांत एकच प्रयोग यांना बरा येतो. एका बंद पाकिटात हे आधीच एका पानाचं नाव लिहून ठेवतात. मग कॅट पसरतात, समोरचा माणूस "आपल्या मनाने" एक पान घेतो, आणि ते नेमकं पाकिटातलं पान निघतं. खरी गोष्ट अशी की पान त्या माणसाच्या मनाने निघतच नाही. बोटांच्या एका विशिष्ट हालचालीने यांनी ते पुढे सरकवलेलं असतं. (गुप्ततेची शपथ यांनी घेतली आहे, मी नाही.) यांचं पान ठरलेलं, चौकटची नव्वी. वन्सं, मी ही नव्वी भाजी चिरताना घेतली आहे, केस वाळवताना घेतली आहे, तापात घेतली आहे. दहातल्या सहा वेळा नव्वी येते. उरलेल्या चार वेळा मी जे आलं ते सांगते, "नाही हो, गुलाम आला," आणि हे "बरं, पुन्हा" म्हणतात. मी खोटं कधी सांगितलं नाही. तपासणीचा निकाल म्हणजे निकाल.

तर हे मंडळ दर वर्षी जादूगारांचं संमेलन भरवतं. लांबलांबून नावाजलेले धंदेवाईक जादूगार येतात, दोन दिवस एकमेकांना प्रयोग दाखवतात, आणि शेवटी सर्वांत चकवणाऱ्या प्रयोगाला एक पेला मिळतो. खुर्च्या मांडणं, चहा, पाहुण्यांचे बिल्ले-पिशव्या, कबुतरांना पाणी, पडदा ओढणं हे सगळं आमच्या हौशी लोकांकडे. यंदा मी निवृत्त झाले, वेळ होता, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं. म्हणून दंतवैद्य म्हणाले, "वहिनी, बिल्ल्यांच्या टेबलावर बसाल का?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

वन्सं, मी आयुष्यात पुष्कळ चमत्कारिक गोष्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आहेत, पण दोनशे जादूगार एका जिन्यात कधी पाहिले नव्हते. मला वाटलं होतं, काळे डगले, टोप्या, गंभीर डोळे. तसं काही नाही. पोट सुटलेली, चष्मा लावलेली, पाठ धरून उतरणारी साधी माणसं. फक्त हात स्वस्थ नाहीत. रांगेत उभं राहिलं तरी बोटांवरून नाणं चालतं आहे. सही करायला पेन दिलं तर पेन जातं, मग सही होते, मग पेन माझ्याच पुस्तकातून निघतं. जेवायच्या वेळी मी शेजारच्याला मीठ मागितलं. त्याने मीठदाणी मुठीत धरली, फुंकर मारली, मूठ रिकामी. मी म्हटलं, "अहो, गंमत पुरे, वरणात खरंच मीठ नाहीये." तेव्हा बिचारा ओशाळला आणि बाहीतून काढून दिली.

तळमजल्यावर जादूचं सामान विकणारे होते. तिथे मी सगळा मधला वेळ घालवला. हे काय, ते काय, याला आतून काय आहे, हे उलटं धरलं तर पडत कसं नाही, असं प्रत्येक टेबलावर विचारत गेले. विक्रेते हसायचे आणि सांगायचे नाहीत. मग मी दुसऱ्या टेबलावर जाऊन पहिल्याचं विचारायचे. वन्सं, तुम्हाला सांगते, जादूगार स्वतःचं गुपित प्राण गेला तरी सांगत नाही, पण शेजारच्याचं लगेच सांगतो. अशा रीतीने जेवणापर्यंत मला निम्म्या तळमजल्याची माहिती झाली होती. एकाने मला न दिसणाऱ्या दोऱ्याचं पाकीट विकलं. घरी येऊन भिंगाखाली बघितलं, खिडकीत बघितलं, काळ्या कापडावर बघितलं. अजून शोधते आहे. एक तर दोरा फारच उत्तम आहे, नाहीतर पाकीट रिकामं आहे. आणि परत जाऊन विचारावं तर तो म्हणणार, दिसत नाही यातच त्याचा गुण आहे.

पण मला सर्वांत नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. धंदेवाईक जादूगार आपसांत जादूविषयी बोलतच नाहीत. कोणत्या गावी रंगमंचाला उतार आहे, कोणाचा गुडघा बदलला, कबुतराचं पंख गळणं कशाने थांबतं, हेच. जादूविषयी जीव टाकून बोलतात ते आमचे हौशी. खुर्च्या उचलता उचलता, चहाचे पेले गोळा करता करता, "काल त्याने डावा हात आधी उघडला, पाहिलंस?" असं चाललेलं. आणि ते ज्यांच्याविषयी बोलतात ती माणसं यांच्याकडून चहा घेताना तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत. मी दंतवैद्यांना बिल्ले लावता लावता विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला यातून मिळतं काय?"

ते म्हणाले, "वहिनी, पेशंटला फसवणं सोपं आहे. त्याचं तोंड उघडं असतं. पण या जिन्याने वर येणाऱ्या मंडळींपैकी एकाने, एकदाच, आमच्यापैकी कोणाला तरी विचारावं, 'हे कसं केलंत?' बस्स."

"मग कोणी विचारलं का?"

"सव्वीस वर्षं झाली. चहात साखर आहे का, एवढंच विचारतात."

हे मी तुम्हाला नीट सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं त्याला दुसरं कारण मला सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला गडबड उडाली. त्या वेळेला जे प्रयोग करणार होते, त्यांची पेटी भलत्याच गाडीत चढून भलत्याच गावाला गेली. पेटीत त्यांचे सगळे जादूचे रुमाल. कार्यक्रमात दहा मिनिटांचं भोक पडलं. सगळ्या नावाजलेल्या लोकांत जे सर्वांत नावाजलेले, ते मखमली कोट घालतात म्हणून मी त्यांना मखमली म्हणते, ते संमेलनाचे अध्यक्ष. ते पडद्यामागे येऊन म्हणाले, "तुमच्यातला कोणी दहा मिनिटं काढेल का? काहीही चालेल." (काहीही चालेल! वन्सं, ज्यांच्या हातात चहाची किटली होती त्या फुलझाडंवाल्यांचा चेहरा मी पाहिला.) सगळ्यांनी दंतवैद्यांकडे बघितलं. दंतवैद्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले. जो माणूस दिवसाला वीस जबड्यांत सुई घालतो, त्याचे हात. "मला नाही जमणार," ते म्हणाले आणि त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचं पाकीट खिशात असतं ना?"

हे रंगमंचावर गेले तेव्हा अंगात सदरा होता आणि गळ्यात "सहायक" असं लिहिलेला बिल्ला. तो काढायचं राहिलं. मी पहिल्या रांगेत बसले होते, कडेच्या खुर्चीवर. हात धरून सांगावंसं वाटत होतं, अहो, बिल्ला, बिल्ला. यांनी पाकीट टेबलावर पाण्याच्या पेल्याला टेकून उभं केलं, कॅट काढला आणि म्हणाले, "प्रेक्षकांपैकी कोणी वर येईल का?"

कोणी हललं नाही. जादूगार कधी हात वर करत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. ते नुसते हातांची घडी घालून बघत बसतात. त्यांच्या तोंडावर आश्चर्य नसतं, तपासणी असते. हेच भाव मी यांच्या तोंडावर पाहिले आहेत, दुकानदाराच्या तराजूकडे बघताना. अर्धं मिनिट गेलं. यांची नजर इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि शेवटी माझ्यावर आली. मी उठले.

"या बाई," हे म्हणाले. (बाई! तेहेतीस वर्षांच्या संसारानंतर. पण रंगमंचावर तसंच म्हणायचं असतं म्हणे.) यांनी कॅट पसरायला घेतला. मी यांच्या बोटांकडे बघत होते, आणि मला ती हालचाल सुरू होताना दिसली, नव्वी पुढे येताना दिसली, आणि तेवढ्यात अंगठा घामाने सटकला. बावन्नच्या बावन्न पानं खाली. काही उताणी, काही पालथी, एक तर घसरत रंगमंचाच्या कडेवरून खाली गेलं ते पहिल्या रांगेतल्या कोणीतरी उचलून वर टाकलं.

सभागृहात एक आवाज झाला. हसण्याचा नाही. दोनशे माणसं एकदम नाकाने श्वास सोडतात तसा. त्यातल्या प्रत्येकाला समजलं होतं की हा माणूस एक ठरलेलं पान देणार होता आणि ते हातातून निसटलं. यांचे कान तापलेल्या तव्यासारखे. आणि पाठ केलेल्या माणसाचं जसं होतं, तसं तोंडातून पुढचंच वाक्य आलं: "आता यातलं कुठलंही एक पान आपल्या मनाने घ्या."

मी काय करणार? खाली वाकले, पायापाशी पालथं पडलेलं एक पान उचललं आणि बघितलं. इस्पिकची तिर्री.

"कोणालाही दाखवू नका," हे म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "परत ठेवा." मी पान खाली ठेवलं, आणि मला पसारा बघवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा मी ती सगळी पानं गोळा केली, टेबलावर ठोकून सरळ केली आणि यांच्या हातात दिली. मग यांनी पाकीट उचललं. फोडायला किती वेळ लावला, देव जाणे. चिठ्ठी उघडली. मला चिठ्ठी दिसली नाही, पण ती मी पाठच केलेली. "चौकटची नव्वी," यांनी वाचलं. आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "हेच का तुमचं पान?"

वन्सं, एकदा मोठ्या डॉक्टरांनी मला एका मंत्र्याच्या मेहुण्याच्या रिपोर्टात साखरेचा आकडा जरा खाली आणायला सांगितलं होतं, आणि मी त्यांना पेन देऊन म्हटलं होतं, तुम्हीच लिहा. असली मी. आणि पडद्याच्या फटीतून दंतवैद्य बघत होते, त्यांच्या मागे लिफ्टवाले, त्यांच्या मागे किटलीसकट फुलझाडंवाले. मी पानाचा विचार केला नाही. मी म्हटलं, "हो. हेच."

मग मागून कोणीतरी खुर्चीवर उभं राहिलं. मग टाळ्या. जादूगार जादूगाराला टाळ्या वाजवतात त्या नव्हेत, त्या दोन बोटांनी वाजवतात, या खऱ्या. कारण बघा, प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की ठरलेलं पान द्यायचा डाव फसला. पानं पडली. बाईने जमिनीवरचं, कोणीही न दिलेलं पान उचललं. आणि तरी तेच निघालं! म्हणजे पानं पडली नव्हती, पाडली होती. कान लाल झाले नव्हते, केले होते. आणि तो गळ्यातला बिल्ला! पहिल्या रांगेतला एकजण दुसऱ्याला सांगत होता की बिल्ला ठेवणं ही तर कमालच.

मखमली स्वतः रंगमंचावर चढले, गुडघे टेकून फळ्यांवर हात फिरवू लागले, मग उठून यांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कसं केलंत?"

यांनी खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही."

सभागृह पुन्हा उठलं. असं उत्तर म्हणे गेल्या कित्येक वर्षांत कोणी दिलं नव्हतं. मी पडद्याकडे बघितलं तर दंतवैद्यांनी लिफ्टवाल्यांचा हात घट्ट धरला होता आणि दोघंही रडत होते.

आता तुम्ही म्हणाल, बायकोच वर गेली, तर कोणालाच संशय आला नाही? आला ना. अर्ध्या तासात सगळ्यांना कळलं की ती बाई म्हणजे यांचीच बाई. मखमलींनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं. मला विचारलं, "आधी काही ठरलं होतं?" मी म्हटलं, "नाही." (खरंच ठरलं नव्हतं.) "काही खूण?" "नाही." मग दंतवैद्य पुढे झाले आणि म्हणाले, "यांना विचारा. आणि कान बघा." मखमलींनी यांना विचारलं, पत्नीशी काही ठरवलं होतं का. हे म्हणाले, "नाही." पाच माणसं वाकून यांचे कान बघत होती. पांढरेफटक. तिथेच पेला ठरला. हौशी मंडळाला मिळालेला पहिलाच. सध्या तो आमच्या दिवाणखान्यात टीव्हीवर आहे, आणि लिफ्टवाले येता-जाता त्याला पुसून जातात.

परत येताना गाडीत हे पेला मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "अगं, नव्वी नेमकी तुझ्या पायापाशीच कशी पडली?" मी म्हटलं, "पडली खरी." तिथे मला खरं सांगता आलं असतं. पण दंतवैद्य पुढच्या सीटवर होते, आणि त्यांनी मागे वळून आमच्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

आणि दुसऱ्या दिवसापासून यांनी तपास सुरू केला. बाकी काही नाही, एकदा गोष्ट घडली म्हणजे ती का घडली हे काढलंच पाहिजे, असं यांचं म्हणणं. (हे वाक्य माझंच. माझ्याच तोंडचं यांनी उचललं.) दिवाणखान्यातली सतरंजी गुंडाळली. खडूने जमिनीवर माझी पावलं काढली. कॅट छातीच्या उंचीवरून, कमरेच्या उंचीवरून, टेबलाच्या उंचीवरून पाडायचा, मी त्यातलं एक पान उचलायचं, आणि वहीत नोंद. खिडकी उघडी होती का, पंखा कितीवर होता, अंगठा ओला होता का कोरडा, सगळे रकाने. पहिल्या खेपेला मी पान उचललं, ते आलं किलवरची छक्की. हे पेन घेऊन माझ्याकडे बघत होते. सांगा, मी काय म्हणणार? आज छक्की म्हटलं की संमेलनातलं गेलं, पेला गेला, दंतवैद्यांचे सव्वीस वर्षांचे अश्रू गेले. "नव्वी," मी म्हटलं.

असं सतरा वेळा झालं आहे, वन्सं. सतरापैकी सतरा. संमेलनात एकदा खोटं बोलले ते बोलले, पण आता मी रोज चहानंतर खोटं बोलते आणि त्याची तारीखवार नोंद होते. मखमलींनी या पद्धतीला "स्वैर पतन" असं नाव दिलं आहे आणि यांना पुढच्या महिन्यात आपल्या मंडळींसमोर व्याख्यान द्यायला बोलावलं आहे. हे व्याख्यान लिहीत आहेत. शीर्षक झालं आहे, आभार झाले आहेत, मधला भाग राहिला आहे. दंतवैद्य दर रविवारी येऊन विचारतात, "काही सापडलं का?" आणि हे म्हणतात, "उंचीचा संबंध नाही, एवढं नक्की."

असो. दाढेचं सविस्तर कळवा. भाऊजींना नमस्कार सांगा आणि कफ सुटतो का तेही विचारा.

तुमची,
भावजय

ता. क. – आता मुख्य. हे येत्या गुरुवारी तुमच्याकडे दोन दिवस येत आहेत. "ताईला बऱ्याच दिवसांत भेटलो नाही" असं सांगतील. ते खरं आहे, पण कॅटही सोबत आहे. घरच्या माणसावर सतरा वेळा झालं, आता व्याख्यानाआधी एका तिऱ्हाइतावर करून बघायचं आहे, आणि तिऱ्हाईत म्हणून यांना सख्खी बहीण सुचली. तुम्हाला खोट्याची किती चीड आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच इतकं लांबण लावून सगळं सांगितलं. हे पानं पाडतील. तुम्ही एक उचला. काहीही निघो, राजा निघो, एक्का निघो, तुम्ही "चौकटची नव्वी" म्हणा. भाऊजींना त्या वेळी बाहेर पाठवा, ते मागून डोकावतात आणि मोठ्याने वाचतात.

ता. क. (आणखी एक) – पत्राचं पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं. आत्ताच अठरावी खेप झाली. आलं बदामची राणी. मी "नव्वी" म्हटलं. यांनी वहीत लिहिलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "तू अगदी नीट बघतेस हां," आणि आत जाऊन चहा टाकला. हे कधी चहा टाकत नाहीत. म्हणून मी वही उघडून बघितली. उंची आहे, पंखा आहे, खिडकी आहे, पण "पान पाहिले" असा रकानाच नाही. अठरा वेळांत एकदाही या माणसाने "बघू" म्हणून माझ्या हातातलं पान उलटून पाहिलेलं नाही. वाण्याकडची साखर घरी आणून पुन्हा तोलणारा माणूस! वन्सं, मला वाटतं यांना ठाऊक आहे. कधीपासून, ते माहीत नाही. विचारावंसं फार वाटतं, दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आले, पण आत कप दोन काढलेले दिसले आणि मी तशीच परत फिरले. तुम्हीही विचारू नका. ठाऊक असलं तरी तुम्ही नव्वीच म्हणा. फक्त आधी पानाकडे नीट बघा, मनात दोन अंक मोजा आणि मग म्हणा. लगेच म्हटलं की खोटं वाटतं.